दिलेल्या गादीवरची ४८ वर्षं

इ.स.पू. २५ मध्ये रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने विशी ओलांडलेल्या एका तरुणाला एक अख्खं राज्य देऊन टाकलं. राज्याचं नाव मॉरेटानिया. आजच्या मोरोक्कोचा उत्तर भाग आणि अल्जीरियाचा किनारा मिळून अटलांटिकपासून पूर्वेच्या अम्पसागा नदीपर्यंत सुमारे हजार किलोमीटर लांबीचा हा पट्टा. तरुणाचं नाव जुबा. इतिहास त्याला जुबा दुसरा म्हणतो, कारण पहिला जुबा त्याचा बाप. बापाचं राज्य मात्र शेजारच्या न्युमिडियाचं, आणि ते रोमने २० वर्षांपूर्वीच गिळलेलं. मुलाच्या वाट्याला आलं ते दुसऱ्याच घराण्याचं, धनी मरून मोकळं पडलेलं राज्य.

ते मोकळं पडण्याचं कारण सरळ आहे. मॉरेटानियात दोन राजे होते. पश्चिमेचा बोगुद ऑगस्टसचा प्रतिस्पर्धी अँटनी याच्या बाजूने उभा राहिला, राज्याला मुकला आणि इ.स.पू. ३१ मध्ये ग्रीसमधल्या मेथोनेत मारला गेला. पूर्वेचा बोक्कुस त्याआधीच, इ.स.पू. ३३ मध्ये वारस न ठेवता वारला. पुढची आठ वर्षं गादी रिकामी होती. या काळात ऑगस्टसने किनाऱ्यावर आणि आतल्या मोक्याच्या जागी निवृत्त सैनिकांच्या डझनभर वसाहती बसवल्या. मग सरळ प्रांत का केला नाही? माझ्या मते हिशेब खर्चाचा होता. प्रांत म्हटला की सुभेदार आला, फौज आली, डोंगरातल्या टोळ्यांशी रोजची झटापट आली. राजा नेमला की तो आपली फौज आपण पोसतो, कर आपण गोळा करतो, आणि लोकांचा रागही आधी त्याच्यावर निघतो. रोमन इतिहासकार टॅसिटसने ब्रिटनमधल्या एका मांडलिकाबद्दल लिहिताना म्हटलंय की गुलामगिरीची हत्यारं म्हणून राजेसुद्धा वापरणं ही रोमची जुनी रीत आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत ते दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

अशा राजाची अधिकृत पदवी असायची ‘रोमन जनतेचा मित्र आणि सहकारी’. तैनाती फौजेचा इतिहास शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला हे प्रकरण ओळखीचं वाटेल, पण एक फरक मोठा आहे. इंग्रजांची फौज संस्थानिकाच्या पैशावर त्याच्याच राज्यात राहायची आणि दरबारात रेसिडेंट बसायचा. जुबाच्या राज्यात रोमन लीजनची, म्हणजे रोमच्या कायम फौजेच्या पलटणीची, छावणी नव्हती. त्याला बांधून ठेवणारे दोर वेगळे होते. स्वतःच्या मर्जीने युद्ध पुकारायचं नाही, परराज्याशी परस्पर बोलणी करायची नाहीत, मागतील तेव्हा सैन्य आणि रसद द्यायची, आणि आपल्या मागून गादीवर कोण बसणार याला रोमची मान्यता हवी. सम्राटांचा चरित्रकार स्युटोनियस सांगतो की ऑगस्टसने या राजांची आपसांत लग्नं लावली, त्यांची मुलं स्वतःच्या मुलांबरोबर वाढवली आणि शिकवली. हे राजे रोममध्ये आले की राजचिन्हं उतरवून, साधा टोगा घालून त्याच्या भोवती वावरत. शिवाय त्या डझनभर वसाहती राजाच्या राज्यात असूनही त्याच्या नव्हत्या. झिलिल या वसाहतीबद्दल प्लिनी हा रोमन ज्ञानकोशकार नेमकं लिहितो की तिला राजांच्या अंमलाबाहेर काढलं होतं आणि तिचे खटले समुद्रापलीकडे स्पेनमधल्या बेटिका प्रांतात चालत. आपल्याच राज्यातल्या गावचा तंटा राजाला सोडवता येत नव्हता.

या साच्यासाठी जुबा जणू लहानपणापासून घडवला गेला होता. त्याचा बाप सीझरविरुद्ध पाँपेच्या पक्षात गेला आणि इ.स.पू. ४६ च्या एप्रिलमध्ये थॅप्ससला हरला. पेट्रेयस या रोमन सेनापतीबरोबर ठरवून त्याने जीव दिला. त्याच वर्षी सीझरने रोममध्ये विजययात्रा काढल्या, आणि आफ्रिकेच्या विजयाच्या मिरवणुकीत हे तान्हं पोर मिरवलं गेलं. गॉलच्या मिरवणुकीतला व्हर्सिंजेटोरिक्स नंतर मारला गेला. जुबाला मात्र शिक्षण मिळालं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क त्याच्या कैदेला सगळ्यात भाग्याची कैद म्हणतो, कारण तिच्यामुळे एका रानटी न्युमिडियनाचा ग्रीक भाषेतला विद्वान इतिहासकार झाला. प्लुटार्कचं हे वाक्य कौतुकाचं आहे, पण मला ते वाचवत नाही. बापाचं प्रेत, गेलेलं राज्य आणि मिरवणूक इतक्या सहज बाजूला सारून ‘भाग्य’ म्हणायला माणूस फार लांबवर उभा असावा लागतो.

त्याची राणीही अशीच आली. क्लिओपात्रा सेलेने ही अँटनी आणि क्लिओपात्राची मुलगी, इ.स.पू. ४० मध्ये अलेक्झांडर हेलिओसबरोबर जुळी जन्मलेली. सहाव्या वर्षी अलेक्झांड्रियातल्या सोहळ्यात बापाने तिला सायरेनेइकाची राणी म्हणून जाहीर केलं. पुढे चार वर्षांत आईबाप दोघंही गेले आणि इ.स.पू. २९ मध्ये ती ऑक्टेव्हियनच्या, म्हणजे पुढच्या ऑगस्टसच्या, विजययात्रेत चालली. ऑक्टेव्हिया, म्हणजे ऑगस्टसची बहीण आणि तिच्या बापाने टाकलेली बायको, हिने तिला वाढवलं. जुबाशी तिचं लग्न ऑगस्टसच्या घरातूनच लागलं. त्यावर क्रिनागोरस या कवीने इजिप्त आणि लिबिया एक झाल्याचं सांगणारी कविता रचली.

सेलेने दबून राहिली नाही. पुरावा नाण्यांवर आहे. एकाच नाण्याच्या एका बाजूला जुबाचा चेहरा आणि लॅटिनमध्ये ‘रेक्स जुबा’, दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलिसा क्लिओपात्रा’, म्हणजे राणी क्लिओपात्रा. काही नाण्यांवर मगर, काहींवर इसिसचा मुकुट आणि पूजेतलं खुळखुळ्यासारखं वाद्य. इजिप्त रोमचा प्रांत होऊन बसलेला असताना हजारो मैल पश्चिमेला तिने आईच्या देवता आणि आईची भाषा चांदीवर उठवली. मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव बापाच्या न्युमिडियन घराण्यातलं ठेवलं नाही, आईकडचं ठेवलं: टॉलेमी.

याच नाण्यांत काय नाही तेही पाहायला हवं. पहिल्या जुबाच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला प्युनिक, म्हणजे जुन्या कार्थेजच्या, लिपीतली अक्षरं होती, कारण त्याच्या प्रजेतले शहरी लोक ती वाचत. मुलाच्या राजनाण्यांवर प्युनिकला जागा उरली नाही. ऑगस्टसची रास मकर आली, ऑगस्टसचं देऊळ आलं, हत्ती आले. नाणी रोमन दिनारियसच्या धर्तीची. खालच्या बाजूला राज्यवर्ष घालण्याची त्याची सवय मात्र इतिहासकारांच्या फार कामी आली. शेवटचा आकडा ४८ आहे. म्हणून जुबा इ.स. २३ च्या सुमारास वारला हे आपण ठामपणे म्हणू शकतो.

राजधानी इओल या जुन्या प्युनिक बंदरात होती. तिचं नाव त्याने सीझरिया केलं. मर्जीतले राजे तेव्हा असं एक तरी गाव सीझरच्या नावाने वसवत. आजचं शेर्शेल ते हेच. तिथे त्याने बांधलेलं नाट्यगृह रोमन आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे. संगमरवर थेट इटलीहून, करारापासच्या खाणींतून यायचा. ग्रीक मूर्तींच्या उत्तम नकला त्याने इतक्या जमवल्या की शेर्शेलचं संग्रहालय त्यांवर उभं आहे. पश्चिमेला व्होल्युबिलिस भरभराटीला आलं. तिथे सापडलेला त्याचा काशाचा अर्धपुतळा आता रबातला आहे. त्यात केसांना राजपट्टी बांधलेली आहे, ओठ भरदार आहेत आणि नजर जराशी खाली आहे.

या सगळ्याला पैसा कुठून आला, हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. जुबाने आपल्या राज्यात काय पिकतं, काय सापडतं, याचा शोध एखाद्या अभ्यासकाच्या चिकाटीने घेतला आणि रोमच्या श्रीमंतांना नेमकं काय हवंय त्याच्याशी ते जोडलं. अटलांटिक किनाऱ्यावरच्या लिक्सुसला मासे खारवून त्यांचं गारुम, म्हणजे रोमनांचा आवडता माशांचा रस, करण्याचे मोठे कारखाने होते. धान्य होतं, आखाड्यांसाठी जनावरं होती. पण त्याच्या नावाशी खऱ्या अर्थाने चिकटला तो जांभळा रंग. अटलांटिकच्या किनाऱ्यावर, आजच्या एसौइरासमोरच्या मोगादोर बेटांवर त्याने रंगशाळा काढल्या. प्लिनी त्या बेटांना ‘जांभळी बेटं’ म्हणतो आणि तिथल्या गेटुलियन जांभळ्याचं श्रेय जुबाला देतो.

हा रंग निघतो म्युरेक्स गटातल्या समुद्री गोगलगायींच्या एका इवल्याशा ग्रंथीतून. पकडण्याची तऱ्हा अशी: बारीक विणीच्या टोपल्यांत अर्धमेले शिंपले घालून समुद्रात सोडायचे. पाण्याने शिंपल्यांना तरतरी येते, ते उघडतात, गोगलगाय आपली सोंड आत घालते, शिंपला मिटतो आणि ती अडकते. ती जिवंतच हवी. मरताना ती तो रस सोडून देते, मग मेलेल्या मालात हशील नाही. मोठ्या गोगलगायी फोडून ग्रंथी काढायची, लहान असतील तर कवचासकट ठेचायच्या.

पुढची कृती प्लिनीने आकड्यांसकट दिली आहे. दर १०० रोमन पौंडांना, म्हणजे साधारण ३३ किलो मालाला, सुमारे अर्धा लिटर मीठ लावायचं. तीन दिवस मुरू द्यायचं, त्याहून जास्त नाही, कारण माल जितका ताजा तितका रंगाचा जोर जास्त. मग पाणी घालून शिशाच्या हांड्यात तापवायचं. आच थेट लावायची नाही. भट्टी दूर ठेवायची आणि भुयारी नळातून गरम हवा हांड्याखाली आणायची. वर येणारा मांसाचा मळ वरचेवर काढत राहायचं. दहाव्या दिवसाच्या सुमारास द्रव गाळून धुतलेली लोकर नमुन्यादाखल बुडवायची आणि मनासारखा रंग येईपर्यंत आच चालू ठेवायची. लोकर पाच तास भिजवायची, काढून पिंजायची आणि पुन्हा बुडवायची, सगळा रंग पिऊन होईपर्यंत. तांबूस छटा कमअस्सल, काळपट छटा अस्सल.

दूरच्या भट्टीची एवढी खटपट का, याचं उत्तर रसायनात आहे. या रंगाचा मुख्य घटक डायब्रोमोइंडिगो, म्हणजे आपल्या ओळखीच्या निळीच्याच रेणूवर ब्रोमिनचे दोन अणू बसलेले. निळीसारखाच तो पाण्यात विरघळत नाही. सडणाऱ्या मांसातले जिवाणू हांड्यातला प्राणवायू खाऊन टाकतात तेव्हा त्याचं विरघळणारं, हिरवट-पिवळं रूप तयार होतं. लोकर तेच पिते, आणि बाहेर काढल्यावर हवेत जांभळी होते. उकळी फुटली की जिवाणू मरतात आणि हांडा वाया जातो. म्हणून हात पोळेल न पोळेल एवढीच ऊब, आणि तीही दिवसरात्र सारखी. दुसरी भीती उन्हाची. विरघळलेल्या अवस्थेत ऊन लागलं तर ब्रोमिन निघून जातं आणि जांभळ्याच्या जागी साधी निळी लोकर हाती येते. वास तर असा की रंगशाळा वस्तीपासून लांबच असाव्या लागत, आणि वाऱ्यावरची बेटं त्याला सोयीची होती. एकूण उत्पन्न किती तुटपुंजं, ते १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने मोजलं. भूमध्य समुद्रातल्या १२,००० गोगलगायींतून त्याला शुद्ध रंग मिळाला १.४ ग्रॅम.

रंगाच्या पाठोपाठ लाकूड. ॲटलस पर्वतातल्या थुया झाडाच्या मुळाशी गाठी येतात. त्यांचे आडवे काप काढून रोमन श्रीमंत टेबलं करवून घेत. लाकडाच्या रेषा वाघाच्या पट्ट्यांसारख्या की चित्त्याच्या ठिपक्यांसारख्या, मोरपिसाचे डोळे दिसतात की नाही, यावर किंमत ठरे. ओलं लाकूड तडकू नये म्हणून तिथले लोक त्याला मेण फासून जमिनीत पुरत. सुतार मग ते सात दिवस गव्हाच्या राशीत ठेवत, सात दिवस बाहेर, पुन्हा सात दिवस राशीत. धान्य ओल हळूहळू शोषून घेई आणि लाकडाचं वजन थक्क व्हावं इतकं घटे. जुबाची दोन टेबलं विकली गेली. एकाचे १२ लाख सेस्टर्स (रोमन नाणं) आले, दुसऱ्याचे त्याहून थोडे कमी. ऑगस्टसच्या काळात सिनेटर व्हायला किमान मालमत्ता लागे १० लाखांची, आणि लीजनमधल्या शिपायाचा वर्षाचा पगार होता ९०० सेस्टर्स. पुढे टॉलेमीकडे साडेचार फूट व्यासाचं टेबल होतं, दोन अर्धी चाकं सांधून केलेलं, तीन इंच जाड. सांधा ओळखू येत नसे.

विकण्याच्या पलीकडे जाऊन त्याचं कुतूहल जिथे दिसतं ते एका निवडुंगासारख्या झाडात. ॲटलसच्या उतारावर चौधारी, काटेरी, मांसल खोडांचे ताटवे उगवतात. जुबाने या झाडावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली आणि झाडाला आपल्या वैद्याचं, युफोर्बसचं नाव दिलं. हा वैद्य म्हणजे ऑगस्टसला मोठ्या आजारातून उठवणाऱ्या अँटोनियस मूसाचा भाऊ. १७५३ मध्ये लिनियसने संपूर्ण प्रजातीला ‘युफोर्बिया’ हेच नाव पक्कं केलं. आपल्याकडे कुंपणाला लावतात तो शेर याच प्रजातीतला, आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ॲटलसच्या झाडाचा चीक त्याहून कितीतरी जहाल. म्हणून तो गोळा करणारा माणूस जवळ जात नाही. खोडाखाली करडाच्या जठराची पिशवी ठेवायची आणि लांब काठीच्या टोकाने खोडाला दुरून चीर द्यायची. दुधासारखा रस पिशवीत झरतो आणि वाळला की धुपाच्या खड्यांसारखा दिसतो. परीक्षा जिभेवर करायची, पण जपून: किंचित चाखलं तरी तोंडाची आग बराच वेळ टिकते, ती हळूहळू वाढत जाते आणि घसा कोरडा पडतो. डोळ्यांना तेज यावं म्हणून, आणि साप चावल्यावर टाळूला चीर देऊन तिथे भरण्यासाठी हे औषध सांगितलं जाई. सर्पदंशावर त्याचा काही उपयोग नाही. जळजळीचं वर्णन मात्र तंतोतंत खरं आहे. १९७५ मध्ये याच चिकातून रेझिनिफेराटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. मिरचीच्या तिखटातलं कॅप्सायसिन ज्या मज्जातंतूंवर काम करतं त्यांच्यावरच ते काम करतं, सुमारे हजारपट जोराने. असाध्य वेदना बधिर करण्यासाठी त्याच्या चाचण्या चालल्या आहेत.

त्याने अटलांटिकमध्ये माणसं पाठवून कॅनरी बेटांची पाहणी करवली. त्या वृत्तान्तात धुक्या-बर्फाचं निंगुआरिया आहे, म्हणजे तेनेरिफे. खजूर आहे, मध आहे, मोठ्या कुत्र्यांमुळे नाव पडलेलं कॅनारिया आहे. तिथले दोन कुत्रे जुबाकडे आणलेही होते. फुएर्तेव्हेंतुराजवळच्या लोबोस या छोट्या बेटावर अलीकडे रोमन काळातली जांभळ्या रंगाची कार्यशाळा उकरून काढली गेली, गोगलगायींच्या फुटक्या कवचांच्या ढिगांसकट.

ग्रंथ तर त्याने ढीगभर लिहिले, सगळे ग्रीकमध्ये. रोमचा इतिहास, लिबिया, असिरियन लोक, चित्रकला, रंगभूमीचा अनेक खंडांचा इतिहास. ऑगस्टसचा दत्तक मुलगा गायस पूर्वेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा अरबस्तानच्या नुसत्या नावाने पेटलेल्या त्या पोरासाठी जुबाने अरबस्तानावर लिहिलं. धुपाच्या झाडाचं खोड पिळलेलं असतं इथपासून त्यात नोंदी होत्या. सिकंदराच्या आरमारातला ओनेसिक्रिटस सिंधूच्या मुखापासून इराणपर्यंत कसा आला, ते त्याने पुन्हा सांगितलं, आणि प्लिनी भारताकडच्या सागरी वाटेचं प्रकरण तिथूनच सुरू करतो. यातला एकही ग्रंथ आज अखंड नाही. प्लिनी, प्लुटार्क, अथेनेयस यांनी उचललेले तुकडे तेवढे आहेत. प्लिनी म्हणतो की जुबा राज्यापेक्षाही विद्येमुळे जास्त लक्षात राहण्याजोगा आहे.

त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीचा उत्तम नमुना नाईलच्या उगमाबद्दलचा आहे. नाईल आपल्याच राज्यात, महासागराजवळच्या एका डोंगरात उगम पावते, तळ्यात साचते, वाळवंटाखाली गडप होते आणि लांब पुढे वर येते, असं त्याचं म्हणणं. आधार तीन. एक, प्युनिक ग्रंथ, म्हणजे नाण्यावर नसलेली ती भाषा तो अभ्यासिकेत वापरत होता. दोन, मॉरेटानियात बर्फ आणि पाऊस जास्त झाला की नाईलला पूर जास्त येतो. तीन, त्या तळ्यात नाईलचेच मासे आणि मगरी मिळतात. पुरावा म्हणून त्याने एक मगर आणवून सीझरियातल्या इसिसच्या देवळाला वाहिली. ती नंतरही तिथे दाखवली जात असे. निष्कर्ष साफ चुकला. मगरी खऱ्या होत्या. सहारा ओला होता त्या काळात त्या पसरल्या आणि वाळवंट वाढल्यावर डोंगरातल्या डबक्यांत अडकून राहिल्या. तासिलीच्या डोंगरात त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होत्या. सारखे प्राणी म्हणजे सलग नदी, ही उडी त्याने घेतली, आणि मला वाटतं सेलेनेच्या नवऱ्याला ती घ्यावीशी वाटणं अगदी स्वाभाविक होतं. नाईल आपल्या अंगणातली निघाली तर बायकोचं माहेर आणि आपलं राज्य एकाच पाण्याने जोडलं जातं.

ज्यांच्या नावाने त्याचा जांभळा रंग विकला जाई त्या गेटुलियन लोकांना मात्र तो समजून घेऊ शकला नाही. ही दक्षिणेची मेंढपाळ माणसं. ऋतूप्रमाणे कळप घेऊन उत्तरेला चढायचं आणि परतायचं, हे त्यांचं जगणं. वसाहतींची शेतं, मोजणी, रस्ते त्यांच्या वाटांवर येऊ लागले. इ.स. ६ च्या सुमारास त्यांनी बंड केलं, आणि डिओ कॅसियस कारण लिहितो की त्यांना राजा जुबाबद्दल चीड होती आणि रोमनांचा अंमल त्यांना नको होता. ते मोडायला कोसस कॉर्नेलियस लेंटुलस हा रोमन सेनापती यावा लागला. वनस्पतीचा चीक कसा काढावा हे ज्याला ठाऊक होतं, त्याला आपल्या कुरणांतली खदखद सैन्य बोलावल्याशिवाय शमवता आली नाही, हे त्याच्या राज्याचं मला दिसणारं सर्वांत मोठं अपयश. इ.स. १७ मध्ये टाक्फारिनास उठला. हा रोमन फौजेत शिकून पळालेला न्युमिडियन. सात वर्षं त्याने आफ्रिका हलवून सोडली. त्या धामधुमीतच जुबा वारला.

टॉलेमीच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल टॅसिटस लिहितो की तरुण राजा बेफिकीर, कारभार राजाच्या मुक्त केलेल्या गुलामांच्या हाती, आणि त्यांची हुकमत सोसण्यापेक्षा मूर, म्हणजे मॉरेटानियातले, लोक बंडखोरांना जाऊन मिळाले. तरी इ.स. २४ मध्ये रोमन सुभेदार डोलाबेलाने टाक्फारिनासला गाठून मारलं तेव्हा टॉलेमीची माणसं त्याच्याबरोबर होती. सिनेटने जुनी प्रथा उकरून काढली. एका सिनेटरच्या हाती हस्तिदंती राजदंड आणि भरजरी टोगा पाठवला आणि त्याला राजा, सहकारी आणि मित्र म्हणून संबोधलं. टॉलेमीने तो मान आपल्या नाण्यांवर कोरला: मानाचं आसन, त्यावर मुकुट, राजदंड.

१६ वर्षांनी, इ.स. ४० मध्ये, सम्राट कॅलिग्युलाने त्याला बोलावून घेतलं, आदराने ठेवलं आणि मारलं. दोघं नात्यातले होते. टॉलेमी अँटनीचा नातू, कॅलिग्युला पणतू. डिओ म्हणतो, टॉलेमी श्रीमंत होता म्हणून. स्युटोनियस म्हणतो, खेळ पाहायला तो आला तेव्हा त्याच्या जांभळ्या झग्याच्या झळाळीकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या म्हणून. काही इतिहासकार आधीच्याच वर्षी उघड झालेल्या कटाकडे बोट दाखवतात, कारण त्याचा सूत्रधार गेटुलिकस हा त्याच कोसस लेंटुलसचा मुलगा होता आणि मॉरेटानियाशी त्या घराची जुनी ओळख. झग्याची गोष्ट मला नुसती दंतकथा वाटत नाही. जांभळा रंग सम्राटाच्या अंगाशी बांधला जात होता, आणि ज्या घराण्याच्या बेटांवर तो तयार होई त्याचा राजा सम्राटाहून उठून दिसावा, हे कॅलिग्युलासारख्या माणसाला पुरेसं कारण होतं. राज्य देताना ऑगस्टसला कुणाची संमती लागली नव्हती. मालकाला देता येत होतं तसं काढूनही घेता येत होतं, आणि बाप-लेकांच्या साठेक वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीला त्या व्यवहारात काही वजन नव्हतं.

मॉरेटानियातले लोक मात्र गप्प बसले नाहीत. टॉलेमीचा मुक्त केलेला गुलाम एडेमोन याने बंड पुकारलं. टॅसिटसने ज्यांना नावं ठेवली त्याच वर्गातला हा माणूस. बंड मोडताना स्युटोनियस पॉलिनस (हा चरित्रकार स्युटोनियस नव्हे) फौज घेऊन ॲटलस ओलांडून पलीकडे उतरला, असं करणारा तो पहिला रोमन सेनापती. कॅलिग्युलानंतरचा सम्राट क्लॉडियस याने मग राज्याचे दोन प्रांत केले: पश्चिमेला टिंगिटाना, पूर्वेला सीझरिएन्सिस.

पूर्वेच्या प्रांतात कालगणनाही बदलली. राजाची वर्षं मोजणं थांबलं आणि ‘प्रांताचं वर्ष’ सुरू झालं, पहिलं वर्ष इ.स. ४०. थडग्यांवर आणि इमारतींवर लोक ते शतकानुशतकं कोरत राहिले. पश्चिमेत रोमचं साम्राज्य संपून गेलं तरी तो आकडा चालूच होता. पश्चिम अल्जीरियातल्या अल्टावा इथल्या एका शिलालेखात मासुना नावाचा राजा भेटतो, पदवी ‘मूर आणि रोमन लोकांचा राजा’. त्याला ती गादी कुठल्या सम्राटाने दिल्याचा उल्लेख त्यात नाही. त्याच्या अधिकाऱ्यांनी किल्ला बांधल्याची ती नोंद आहे, आणि खाली वर्ष घातलंय: प्रांताचं ४६९, म्हणजे इ.स. ५०८.